ऑटोमेशनचा अभ्यासक्रम: कोणता विषय कधी घ्यायचा

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ऑटोमेशनचं काम करायचं म्हणून प्रवेश घेणारी मुलं पहिलं काय विचारतात? ‘पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक) कुठल्या सेमला आहे?’ आधी कुठला विषय पक्का करायचा, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. आखणीची सुरुवात तिथूनच करा.

आधी आपण कुठून येतोय ते बघा. दहावीनंतरचा डिप्लोमा ३ वर्षांचा, म्हणजे ६ सत्रांचा. दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय किंवा बारावी सायन्स केलं असेल, तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआयवाल्यांचा हात बसलेला असतो, पण गणित अडतं. बारावीवाल्यांचं नेमकं उलटं. जे कच्चं आहे, त्यासाठी पहिल्या सत्रात आठवड्याचे काही तास राखून ठेवा.

आता सगळे विषय एका कोऱ्या कागदावर लिहा आणि कशावाचून काय अडतं ते बाणांनी दाखवा. बेसिक इलेक्ट्रिकल, मग मोटर आणि कंट्रोल पॅनेल, मग पीएलसी, त्यानंतर एचएमआय (मशीनवरचा ऑपरेटरचा स्क्रीन) आणि स्काडा (संगणकावरून अख्ख्या प्लांटवर देखरेख). दुसरी साखळी बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, प्रोसेस कंट्रोल (तापमान, दाब, पातळी ठरल्या जागी ठेवणं) अशी. न्यूमॅटिक्स (दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रणा) बऱ्यापैकी सुटा विषय आहे, तो सोयीने बसवता येतो. ज्या विषयातून सर्वांत जास्त बाण निघतात, त्यात केटी लागली तर पुढचं सगळं अडखळतं. तो पहिल्याच फटक्यात काढा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा विषय कंट्रोल पॅनेलचा, आणि नेमका तोच मुलं उरकून टाकतात. साधा डीओएल स्टार्टर घ्या, म्हणजे मोटर थेट सप्लायवर चालू करणारा. स्टार्टचं बटण सोडलं तरी मोटर चालू राहते, कारण कॉन्टॅक्टरचाच (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) एक ऑक्झिलरी, म्हणजे जोडीचा छोटा कॉन्टॅक्ट स्टार्टला समांतर जोडलेला असतो. पीएलसीच्या लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, हीच रचना पुन्हा भेटते. स्टॉपचं बटण नॉर्मली क्लोज (न दाबता जोडलेलं) असतं, म्हणजे वायर तुटली तरी मोटर थांबते. त्यामुळे पीएलसीचा तो इनपुट एरवी सतत ऑन असतो आणि लॅडरमध्ये त्याच स्टॉपसाठी नॉर्मली ओपन चिन्ह टाकावं लागतं. हाताने वायरिंग केलेल्याला हे लगेच उमगतं. नुसत्या स्क्रीनवर शिकलेला इथे हटकून गोंधळतो, आणि चालत्या मशीनवर हा गोंधळ जिवावर बेतू शकतो.

सेन्सरच्या विषयातही ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नलचं गणित स्वतः सोडवा. टाकीची पातळी ० ते १० मीटर असेल तर १२ मिलिअँपिअर म्हणजे ५ मीटर. सिग्नलच शून्य मिलिअँपिअर आला तर टाकी रिकामी नाही, बहुधा वायर तुटली आहे.

प्रत्येक सत्राचं ओझंही तोला. पीएलसी, प्रोसेस कंट्रोल आणि प्रोजेक्ट एकाच सत्रात आले तर सबमिशनच्या आठवड्यात प्रॅक्टिकल नुसतं फाइल भरण्यापुरतं उरतं. विषय निवडायची मुभा असेल तर हे वेगळे करा. नोकरी सांभाळून शिकत असाल आणि शिफ्ट फिरती असेल, तर फी भरण्याआधीच प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ विचारा. एका पीएलसी किटवर किती जण बसतात, हेही विचारा. चौघांत एक किट असेल तर एक जण जोडणी करतो आणि तिघं बघत बसतात. घरी सरावासाठी ओपनपीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

सीमेन्सचा पीएलसी शिकू की डेल्टाचा, यात फार अडकू नका. लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या भाषा आयईसी ६११३१-३ या एकाच आंतरराष्ट्रीय मानकातल्या आहेत. एका कंपनीचं सॉफ्टवेअर नीट आलं की दुसरं उचलता येतं.

शेवटचं सत्र सुरू होण्याआधी अप्रेंटिसशिपच्या नोंदणीची माहिती काढून ठेवा: केंद्र सरकारच्या योजनांपैकी आयटीआयवाल्यांना एनएपीएस, डिप्लोमावाल्यांना एनएटीएस. प्रोजेक्टचं पॅनेल ड्रॉइंग आणि इनपुट-आउटपुटची यादी स्वतः तयार करा, आणि मुलाखतीला जाताना दोन्ही सोबत न्या.