शून्य मशागतीचा गहू: ओल्या रानात द्रव नत्र दिल्यावर पानं करपणं

यूएएन (युरिया आणि अमोनियम नायट्रेटचं द्रव खत, २८ टक्के नत्र) फवारलं की पानांचे शेंडे करपायचे, तरी पीक पिवळंच. रानात खोल चाकोऱ्या. पाणी मिसळलं, दाब उतरवला, फरक पडेना. फार वैताग आला.

चूक पंख्यासारखा फवारा देणाऱ्या नोझलची. तुषार पानं भाजतात, उरलेले धसकटांवर अडकतात. तिथे युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो.

आधी दव सुकू द्या. मग धार सोडणारी नोझल बसवा. पाण्यावर मोजलेला नोझलचा प्रवाह १.१३ ने (१.२८ चं वर्गमूळ) भागा, म्हणजे खताचा खरा प्रवाह मिळेल, कारण द्रावण पाण्याच्या १.२८ पट जड. (१०० लिटरमध्ये साधारण ३६ किलो नत्र.) टाकी अर्धीच भरा, ठरलेल्या चाकोरीतूनच फिरा. पाणी साचलेलं असेल तर थांबाच. तिथलं नायट्रेट वायू होऊन जातं.