कंपनीची संस्कृती सुधारायला निघालात? या चुका टाळा

चांगली माणसं वर्षभरात सोडून जातात, माल परत येतो, बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. तिमाहीचे आकडे घसरले की मग 'वातावरण बदललं पाहिजे' असं ठरतं. त्यानंतर ज्या चुका होतात, त्या बहुतेक कंपन्यांत सारख्याच असतात.

भिंतीवरच्या शब्दांपासून सुरुवात

एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या मूल्यांच्या यादीत आदर आणि सचोटी हे दोन्ही शब्द होते. डिसेंबर 2001 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून फलक बाजूला ठेवा आणि गेल्या 2 वर्षांतल्या बढत्यांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे बढतीचं खरं कारण एका ओळीत लिहा. मग ज्या तक्रारींवर काहीच झालं नाही, त्यांची यादी करा. या दोन कागदांवर दिसते ती तुमची संस्कृती, कारण कामगारही साहेबांचं बोलणं सोडून हेच पाहतात. आकडे आणणारा पण हाताखालच्यांचा अपमान करणारा माणूस पहिल्या यादीत असेल, तर मूल्यांवरच्या प्रशिक्षणाचा खर्च वाया गेला असं समजा.

टार्गेट एकटं सोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला 8 उत्पादनं विकण्याचा ध्यास घेतला होता. शाखांवर रोजच्या विक्रीचा दबाव होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. सप्टेंबर 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर सुमारे 5,300 जणांना कामावरून काढलं होतं, तरी प्रकार थांबत नव्हता. माणसं बदलत होती, टार्गेट तेच होतं. 2018 मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, वेल्स फार्गोच्या मालमत्तेच्या वाढीवर मर्यादा घातली, ती 2025 पर्यंत राहिली. 2020 मध्ये आणखी 300 कोटी डॉलर मोजावे लागले.

तुमच्याकडे तपासायचं कसं? प्रत्येक इन्सेंटिव्हसमोर एक प्रश्न लिहा: काम न करता हा आकडा दाखवायचा झाला तर कसा दाखवता येईल? उत्तर 5 मिनिटांत सुचलं, तर ते तुमच्या माणसांनाही सुचलेलं आहे. अशा टार्गेटला दुसरा आकडा जोडा. ऑर्डरला वसुली जोडा, शिफ्टच्या उत्पादनाला रिजेक्शन (नाकारला गेलेला माल), आणि बंद केलेल्या तक्रारीला 30 दिवसांत तीच तक्रार पुन्हा आली का, हे.

'आमच्याकडची माणसंच तशी' म्हणणं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. गैरहजेरी 20 टक्क्यांच्या आसपास, कामगार-व्यवस्थापन संबंध कमालीचे बिघडलेले. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुसंख्य कामगार जुनेच होते, युनियनही तीच. तरी गैरहजेरी झपाट्याने उतरली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेला.

जुन्या कारखान्यात गाड्या जोडण्याची लाइन थांबवणं हा गुन्हा मानला जाई. नव्या व्यवस्थेत अडचण दिसताच लाइनजवळ टांगलेली इशाऱ्याची दोरी ओढणं हेच कामगाराचं काम होतं. दोरी ओढली की टीम लीडर धावत येई. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबे. दोरी कोणीही टांगू शकतो. ओढल्यावर कोण येतो आणि त्याचं पहिलं वाक्य काय असतं, यावर सगळं ठरतं. 'कोणी केलं हे?' असं एकदा जरी विचारलं गेलं, तरी पुढे बराच काळ दोरीला कोणी हात लावत नाही.

हे मोजता येतं. दोष प्रथम कधी दिसला आणि वर कधी कळवला, या दोन वेळा नोंदवा. ते अंतर वाढत असेल तर माणसं घाबरली आहेत.

सर्वेक्षण करून गप्प बसणं

कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाचे अर्ज सुपरवायझरने गोळा करू नयेत. विभाग, वय आणि नोकरीची वर्षं एकत्र विचारू नका, त्यावरून माणूस ओळखता येतो. 5 पेक्षा कमी जणांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका. 15 प्रश्न पुरेत. बोनसच्या महिन्यात घेऊ नका, उत्तरं गोड येतात. निकाल आणि ठरलेले 2 बदल 30 दिवसांत सगळ्यांना सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी मनापासून भरणार नाही. सगळ्यांनी सगळीकडे 5 पैकी 4 दिले असतील, तर समाधानापेक्षा भीतीचा संशय आधी घ्या.

नफा चांगला म्हणून संस्कृती चांगली मानणं

विक्री जोरात असली की तीच घाई 'चपळाई' वाटते आणि तोट्यात तीच 'बेशिस्त' ठरते. त्यामुळे सर्वेक्षणातली आजची उत्तरं आजच्या नफ्याशी ताडून काही सिद्ध होत नाही. एकाच कंपनीच्या दोन शाखा किंवा दोन शिफ्ट घ्या, आधी वातावरण नोंदवा आणि 6 महिन्यांनी निकाल पाहा.

सगळं एकदम बदलणं

एक शिफ्ट निवडा, एकच सवय बदला आणि 3 महिने द्या. सुरू करण्याआधीच्या 3 महिन्यांचे चार आकडे लिहून ठेवा: न कळवता झालेल्या गैरहजेऱ्या, रुजू झाल्यापासून 90 दिवसांच्या आत सोडून गेलेले, पुन्हा करावं लागलेलं काम आणि कळवलेल्या अडचणी. पहिल्या महिन्यात अडचणींचा आकडा वाढेल. तो पाहून त्या सुपरवायझरला जाब विचारू नका. आधी लपत होतं ते आता समोर येतंय.