टायरच्या नक्षीची नोकरी

'काय काम करतेस?' या प्रश्नाला मी खरं उत्तर देते, 'टायरच्या नक्षीच्या आकृत्या काढते.' माझ्या मावशीला अजून वाटतं, मी गॅरेजमध्ये आहे.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे. डिझाइन नोंदणीच्या अर्जाला लागणाऱ्या आकृत्या आम्ही करतो. माझी शिदोरी म्हणजे आयटीआयचा दोन वर्षांचा मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा कोर्स. त्यात ऑटोकॅड आलं, प्रोजेक्शन आलं. टायर मात्र कुणी शिकवला नव्हता.

पहिल्याच टायरला मी तोंडावर आपटले. कंपनीकडून नक्षीचा एक सपाट तुकडा आला होता. तोच पुन्हा पुन्हा लावत चाकभर फिरवला, तर शेवटी अर्धा तुकडा उरला. मी तो गुपचूप ताणून बसवला. सरांनी आकृती फिरवून पाहिली आणि एवढंच विचारलं, "हा जोड कुठून आला?" मग दुसऱ्या फाइलमधली मापं उघडून दाखवली. तुकडे तीन वेगवेगळ्या लांबीचे होते, तेही मुद्दाम. सगळे एकाच मापाचे असले तर गाडी धावताना एकाच सुरात भुणभुण ऐकू येते. लांबी बदलत ठेवली की तो आवाज विखुरतो. तेव्हापासून मी फाइल आली की आधी चाकभरचे तुकडे मोजते.

कायद्याचं थोडं तरी माहीत हवंच. डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे डिझाइन म्हणजे डोळ्यांना दिसणारं रूप. पाणी बाहेर काढायला खाचा लागणारच, त्या कल्पनेवर या नोंदणीतून हक्क मिळत नाही; पण त्या खाचा कशा वळल्या, त्यांच्या मधले रबराचे ठोकळे कसे कापले, हे नोंदवता येतं. नोंदणी आधी 10 वर्षांची, मग आणखी 5. माझ्या पहिल्या अर्जात नावीन्याच्या ओळीत मी हौसेने 'उत्तम पकड' लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं. "पकड डोळ्यांना दिसते का?"

अमेरिकेतल्या अर्जासाठी काढताना साइडवॉल (टायरची बाजू) बहुतेक वेळा तुटक रेषेत दाखवतात, म्हणजे तेवढ्या भागावर हक्क सांगितलेला नाही. ही रेष चुकली तर सगळंच चुकलं.

एका गिऱ्हाइकाने अर्जाआधीच नव्या टायरचे फोटो सगळीकडे टाकले होते. आपल्याकडे आधी जाहीर झालेलं डिझाइन नवं धरत नाहीत, मग आम्ही कितीही सुबक आकृत्या काढल्या तरी काय उपयोग! आता फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, 'फोटो कुठे टाकलेत का?'

नक्षी बघायला शिकायची असेल तर तुर्भ्याला एपीएमसीबाहेर उभ्या ट्रकांपाशी जा. पुढच्या चाकांना बहुतेक वेळा सरळ धावणाऱ्या पट्ट्या दिसतील, मागच्यांना आडव्या जाड खाचा. शेजारी एखादा गोटा झालेला टायरही असेल. टायरच्या खाचेत तळाला छोटे उंचवटे असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायची वेळ झाली. ड्रायव्हर विचारतो, "काय बघताय ताई?" सांगितलं की आधी हसतो, मग स्वतःच वाकून दाखवायला लागतो.

नवीन मुलं मुलाखतीला आली की मी त्यांना खाली पार्किंगमध्ये पाठवते: कुठल्याही स्कूटरचं मागचं चाक पेन्सिलीने काढून आणा. ठोकळे बहुतेक नीट येतात. साइडवॉलवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघितला का, विचारलं की अर्धे पुन्हा खाली पळतात.