सोयाबीनचे पैसे एकदाच येतात, एसआयपी दर महिन्याला कशी भरायची?

लातूरच्या अडतीवर माल घातला की दिवाळीच्या आगंमागं पट्टी हातात पडते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत खातं रिकामं. मग ५ तारखेचा एसआयपीचा (म्युच्युअल फंडात दरमहा खात्यातून आपोआप जाणारा) हप्ता परत जातो आणि बँक दंड कापते, त्यावर जीएसटी वेगळा. लागोपाठ तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी रद्दच होते. आमच्या घरी दोन वर्षं हेच झालं, बँकेच्या मेसेजवर मेसेज. शेवटी हा मार्ग धरला:

१. पट्टीतून आधी रब्बीचं बी-खत, सोसायटीचं कर्ज आणि पोरांची फी बाजूला काढा. हे पैसे अजिबात गुंतवायचे नाहीत.

२. उरलेली रक्कम एकदम लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे लवकर काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका. समजा ६० हजार.

३. त्याच फंड कंपनीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणारा फंड) दरमहा ५ हजारांची एसटीपी, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप जाणारा हप्ता, लावा. बारा महिने पैसे फंडातून फंडात जातात, बँक खात्यात शिल्लक असो-नसो. दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात, ही अट फॉर्म भरण्याआधीच बघून घ्या.

मधेच दवाखाना निघाला तर लिक्विड फंडातले पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. पहिल्या सहा दिवसांत काढले तरच किरकोळ एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) लागतो.

एक ध्यानात ठेवा: एसटीपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विड फंडाची विक्रीच धरतात, त्यातल्या नफ्यावर कर लागू होतो. वर्षाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट (विक्रीतल्या नफ्या-तोट्याचा हिशेब) काढून रिटर्न भरणाऱ्याकडे द्या.