मिरजेपर्यंत रेल्वेने, घरी सायकलवर: कोल्हापुरातून दोन दिवसांची सफर

परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून त्यांच्या सायकलवाटा केल्यात. न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल ही त्यातलीच, १५२ किलोमीटरची. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, त्यामुळे या वाटा आपोआप सौम्य असतात. कोल्हापूरजवळ तसली वाट नाही. पण सपाटीच हवी असेल तर पहिल्या सफरीला पन्हाळा-जोतिबाचा नाद सोडा आणि पूर्वेला शिरोळच्या मळीकडे, म्हणजे नदीकाठच्या सपाट जमिनीकडे वळा.

जाताना गाडी, येताना सायकल

उलट केलंत तर संध्याकाळची गाडी गाठायच्या धास्तीनं सगळा दिवस पळण्यात जातो. शिवाय कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे सायकल चढवायला वेळ मिळतो, आणि मिरज जंक्शन असल्यानं उतरवायलाही. रुकडी, हातकणंगले अशा छोट्या थांब्यांसाठी सायकल बुक करायच्या भानगडीत पडू नका.

आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचारा: सकाळच्या कोणत्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये (गार्डच्या आणि सामानाच्या डब्यात) जागा मिळेल आणि सायकल मिरजेत उतरवतील का. काही गाड्यांचे पार्सल कप्पे ठेकेदारांना भाड्यानं दिलेले असतात, म्हणून गाडी रिकामी दिसली तरी नकार मिळू शकतो.

बुकिंग करताना स्वतःचं तिकीट दाखवून ‘लगेज, याच गाडीनं’ असं स्पष्ट सांगा. नुसतं पार्सल केलंत तर सायकल मागच्या गाडीनंही येऊ शकते आणि तुम्ही मिरजेच्या फलाटावर चहा पीत बसता. गाडी सुटण्याच्या तासभर आधी पोचा, ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. सायकल डब्यात चढेपर्यंत तिथून हलू नका. ब्रेकव्हॅन पुढे आहे की मागे हेही बघून ठेवा, कारण मिरजेत पावती घेऊन तिकडेच धावायचं आहे.

फोल्डिंग सायकल डब्यात न्यायची असेल तर ती घडी करून घरीच टेपनं मोजा. सोबतच्या सामानाची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. बहुतेक फोल्डिंग सायकली जाडीत अडकतात.

बांधणी

सर्वांत आधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर घ्या. त्यामुळे डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, आत सरकतो. बाहेर राहिला तर त्यावर एखादी पेटी आदळते, तो ज्यावर लटकतो तो हँगर वाकतो आणि मिरजेतून निघाल्यावर पहिल्याच गिअरला डिरेलर स्पोकमध्ये जातो. डिरेलरवर पोत्याचा तुकडा गुंडाळा.

पेडल १५ मिमी पान्यानं काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि जोर लावून आटे खाणारे इथेच चुकतात. लक्षात ठेवायची सोपी खूण: पाना उभा धरा, वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की दोन्ही पेडल सुटतात, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतात. दिवा, पंप, बाटली काढून पाठपिशवीत टाका. नाव, मोबाईल आणि ‘कोल्हापूर ते मिरज’ लिहिलेले दोन पुठ्ठे दोन ठिकाणी बांधा. एक तर सुटतोच.

रस्ता

पहिला दिवस: मिरज, अर्जुनवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, साधारण २० किलोमीटर. वाडीत मुक्कामाची सोय बघून सामान टाका आणि कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला जाऊन या. जाऊन-येऊन आणखी ४० धरा. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, गोल झरोका आहे. ऊन डोक्यावर असताना त्याचा वर्तुळाकार कवडसा खाली दगडावर पडतो, म्हणून दुपारच्या सुमारास पोचा. वाडीची बासुंदी परत आल्यावर. आधी खाल्लीत तर सायकल ओढत न्यावी लागेल.

दुसरा दिवस: कुरुंदवाड, इचलकरंजी, हुपरी, पट्टणकोडोली, वसगडे, गडमुडशिंगी, कोल्हापूर, पन्नासच्या आसपास. हातकणंगल्याकडून महामार्ग धरू नका, अवजड वाहतूक फार.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे परतीला सगळा तोंडावर, आणि कृष्णा-पंचगंगा चढल्या की वाडीचं देऊळ पाण्यात जातं, आसपासचे रस्ते बंद होतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३. पातळी ३९ कडे सरकतेय अशी बातमी दिसली की बेत रद्द.

हिवाळ्यातला त्रास वेगळा: ऊसतोड. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणावर झुलतो, त्याला ओलांडू नका, मागेही चिकटू नका. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं पुढच्या चाकाखाली आडवं फिरतं आणि क्षणात हँडल हातातून जातं. ब्रेक न दाबता, हँडल सरळ ठेवून त्यावरून जा.

बाभळीचा काटा नेहमीचाच. दोन ट्यूब, पॅचेस, टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि पंप घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, तुटलेलं टोक आतच असतं आणि दहा मिनिटांत दुसरी ट्यूब जाते. तुमचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात हवाच. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत इचलकरंजी सोडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही.