वेतातली पिल्लं आणि त्यांचा स्वभाव: नवख्या निरीक्षकांसाठी

एका वेतातली, म्हणजे एका कुत्रीला एकाच वेळी झालेली, पिल्लं पहिल्यांदा बघायला गेलेला माणूस दहा मिनिटांत निकाल देऊन मोकळा होतो. हे दांडगं, ते भित्रं, ती कोपऱ्यातली अगदी गरीब. मी पुण्यात कुत्र्यांच्या वर्तनाचं काम करते. माझ्याबरोबर शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिली अट घालते ती हीच: सुरुवातीचे दोन आठवडे वहीत एकही विशेषण लिहायचं नाही. पिल्लानं काय केलं, किती वेळ केलं आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. विशेषण पिल्लाला चिकटतं. सोसायटीत एकदा "ते भित्रं आहे हं" असं बोललं गेलं, की दत्तक घ्यायला आलेली माणसं त्याला उचलूनसुद्धा बघत नाहीत. मग चार महिन्यांचं होईपर्यंत कोणी हात न लावलेलं ते पिल्लू खरोखरच माणसापासून लांब पळायला लागतं.

शिकायला हिवाळा उत्तम. भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे गावाकडे कोणीही सांगेल, आणि गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात कोथरूड, वारजे, धायरी, सिंहगड रस्ता, कुठेही फिरा, पार्किंगच्या कोपऱ्यात नाहीतर बांधकामावरच्या वाळूच्या ढिगामागे एखादं वेत सापडतंच. लांब कुठे जायला नको, महागडं काही घ्यायला नको. एक वही, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि बसायला गोणपाट पुरतं.

जाण्याआधी मात्र दोन गोष्टींची काळजी घ्या. कुत्र्यांमध्ये काम करायचं तर रेबीजची आगाऊ लस घेतलीच पाहिजे. पिल्लं लहान आहेत, त्यांच्यापासून काय होणार, असं समजू नका. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. दात किंवा नख लागलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आधी लस घेतलेली असली तरी. दुसरी गोष्ट तुमच्यामुळे पिल्लांना होणाऱ्या धोक्याची. पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा पार्व्हो विषाणू बुटांच्या तळव्यावरून एका वेतातून दुसऱ्या वेतात जातो आणि जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. एका दिवशी एकच वेत बघा. परत आल्यावर चपला ब्लीचच्या पाण्यानं धुवा.

पहिले काही दिवस पिल्लांकडे जायचंच नाही. आईकडे जायचं. रोज त्याच वेळी, तेच कपडे असले तर आणखी बरं, आठ-दहा फुटांवर पाठ थोडी वळवून बसायचं आणि तिचं खाणं ठेवून यायचं. तुम्ही आल्यावरही ती आडवी पडून पिल्लांना पाजायला लागली, तर तुम्हाला परवानगी मिळाली असं समजा. तोवर तुम्ही जे बघाल ते पाहुण्याला बिचकलेल्या कुटुंबाचं वागणं असेल, रोजचं नव्हे.

आता वयाचा हिशोब, कारण नवख्यांची नोंद सगळ्यात जास्त फसते ती इथे. जन्मलेल्या पिल्लाचे डोळे आणि कान दोन्ही बंद असतात. डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. वसुबारसेला जन्मलेलं पिल्लू लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांत गाढ झोपलं म्हणून ते धीट ठरत नाही. त्याला ऐकूच येत नसतं. त्याच पिल्लाच्या कानात पहिले आवाज शिरतात ते तुळशीची लग्नं लागतात त्या सुमारास किंवा त्याच्याही नंतर. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला स्वतःचं अंगही गरम ठेवता येत नाही. सतत कुईकुई करणारं पिल्लू "रडकं" नसतं, बहुतेक वेळा गारठलेलं किंवा भुकेलेलं असतं. आईनं हात लावू दिला तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करा. जन्माचं वजन आठवडा-दहा दिवसांत साधारण दुप्पट व्हायला हवं. वजन अडलं असेल तर तो प्रश्न स्वभावाचा नाही, पशुवैद्याचा आहे.

या काळात बघण्यासारखी असते ती आई. ती आडवी पडून पाजते की बसून, उभ्यानं? पिल्लं चाटते किती, सोडून जाते किती वेळ? अमेरिकेत अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या एका संस्थेतल्या वेतांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची आई उभ्यानं किंवा बसून पाजायची, म्हणजे ज्यांना दुधासाठी धडपडावं लागायचं, ती पिल्लं पुढे प्रशिक्षणात जास्त यशस्वी झाली. आईनं फार जपलेली कमी. उलट स्वीडनमधल्या लष्करी जर्मन शेफर्डांच्या २०१६ च्या अभ्यासात आईची जास्त देखभाल मिळालेली पिल्लं मोठेपणी जास्त मिळूनमिसळून वागणारी निघाली. दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. मी दोन्ही मुद्दाम एकापाठोपाठ सांगते, म्हणजे कोणी एकाच निष्कर्षावर पिल्लाचं भविष्य सांगत बसणार नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंतचा काळ हा माणसं, आवाज, जागा, इतर जनावरं यांच्याशी ओळख होण्याचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वेतं वाढवून हे दाखवलं आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपात मांडलं. आपल्या कामाचा गाभा याच आठवड्यांत आहे, तेव्हा वेळ इथे द्या.

बघायचं कसं, तर ठरवून. नजर आपोआप दंगा करणाऱ्याकडे जाते. अर्धा तास बसलात आणि जे दिसेल ते लिहीत गेलात, तर पानभर त्या एकाच दांडगोबाची गोष्ट होते आणि टायरमागचं पिल्लू वहीत येतच नाही. बबून माकडांवर काम केलेल्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर एक लेख लिहिला. जगभर अजून त्याच पद्धती वापरतात. त्यातल्या दोन तुम्हाला पुरतील. पहिली: दर पाच मिनिटांनी मान वर करायची आणि त्या क्षणी प्रत्येक पिल्लू काय करतंय ते एका शब्दात टिपायचं: झोप, दूध, खेळ, हुंगणं, एकटं. दुसरी: एकच पिल्लू निवडून दहा मिनिटं फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी डोंगर उपसला तरी बघायचं नाही. ओळखण्यासाठी गळ्यात दोरे बांधू नका, अडकतात. शेपटीचं टोक, पायमोज्यासारखे पांढरे पंजे, नाकावरचा पट्टा, यांचं चित्र वहीच्या पहिल्या पानावर काढा. शक्य असेल तर दोघं मिळून बसा. नोंद वेगवेगळी करा आणि उठल्यावरच पडताळा. दोघांच्या वह्या जुळत नसतील तर पिल्लाला दोष देण्याआधी तुमच्या व्याख्या तपासा. "खेळ" कुठे संपतो आणि "भांडण" कुठे सुरू होतं, यावरच माझ्याकडच्या मुलांचे पहिल्या आठवड्यातले सगळे वाद होतात. ते वाद व्हायलाच हवेत.

वारज्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधल्या वेताचं उदाहरण देते. पिल्लं सहा आठवड्यांची झाली होती. एकेकाला शेजारच्या रिकाम्या गाळ्यात आणायचं, जिथे ते आधी कधी आलं नव्हतं. दोन मिनिटं काही करायचं नाही, फक्त बसायचं. मग पाच-सहा फुटांवर स्टीलची रिकामी वाटी फरशीवर पाडायची. हनुवटीवर काळा डाग असलेला नर आवाज होताच कोलमडला, भिंतीपर्यंत पळाला आणि केकाटला. दारातून बघणारे वॉचमनकाका म्हणाले, "ताई, हे काय कामाचं नाही, लई घाबरट हाय." घड्याळ चालूच होतं. अर्धं मिनिट व्हायच्या आत त्यानं मान लांब केली, मागचे पाय भिंतीशीच ठेवून पुढचे दोन पुढे टाकले, हवेतच वास घेतला. वाटीजवळ आला, एकदा मागे उडी मारली, परत आला आणि वाटी नाकानं ढकलली. दुसऱ्यांदा वाटी पडली तेव्हा त्याचे फक्त कान हलले.

त्याची फिकट तपकिरी बहीण वाटी पडल्यावर जागची हललीच नाही. माझ्याबरोबरची विद्यार्थिनी पटकन म्हणाली, "ताई, ही किती शांत आहे!" मी तिला गुडघ्यावर बसून जवळून बघायला सांगितलं. तोंड घट्ट मिटलेलं. कान मानेला चिकटलेले. डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. जीभ पुन्हापुन्हा नाकावर फिरतेय. अंगाचा सगळा भार मागच्या पायांवर, आणि पुढ्यात ठेवलेला उकडलेल्या चिकनचा तुकडा दोन मिनिटांनंतरही तसाच. पिल्लू गोठलं होतं. तिला उचलून लगेच आईकडे नेलं आणि त्या दिवसाचं काम तिथेच थांबवलं. अशी पिल्लं "गरीब, त्रास देत नाही" म्हणून सगळ्यात आधी लहान मुलांच्या घरात जातात आणि तिथे सगळ्यात जास्त सोसतात.

म्हणून दचकण्याला मी फार महत्त्व देत नाही. कान शाबूत असलेलं कुठलंही पिल्लू दचकणारच. मला बघायचं असतं सावरणं: किती वेळात सावरतं, स्वतःहून परत येतं का, खायला घेतं का, आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा सोपं जातं का. हे एकदाच बघून चालत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, सकाळी आणि संध्याकाळी, खाण्याआधी आणि झोप झाल्यावर बघा. नुकत्याच उठलेल्या पिल्लाची आणि तासभर खेळून दमलेल्या पिल्लाची नोंद दोन वेगळ्या प्राण्यांची वाटावी इतकी वेगळी येते. जंत झालेलं पिल्लू सुस्त असतं, तेही लक्षात ठेवा. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी द्यावं लागतं, पण मात्रा पशुवैद्याला विचारूनच.

पिल्लाला उताणं पाडून हातानं दाबून धरायचं आणि ते किती धडपडतं यावरून ते "वरचढ" की "दबणारं" हे ठरवायचं, अशी एक जुनी चाचणी अजून पुष्कळ जण करतात. माझ्याबरोबर असताना ती कोणी करत नाही. त्यातून कळतं एवढंच, की दाबून धरलेलं आवडत नाही. आणि माणसाचा हात म्हणजे काय, याचा पहिला धडा पिल्लाला तसा मिळतो.

या सगळ्यातून पुढचं किती सांगता येतं? फार थोडं, आणि हे दत्तक घेणाऱ्याला तोंडावर सांगायची तयारी असली पाहिजे. १९९८ साली स्वीडनमध्ये जर्मन शेफर्ड पिल्लांच्या आठव्या आठवड्यातल्या चाचण्या मोठेपणीच्या वागण्याशी पडताळल्या, त्या जुळल्या नाहीत. २०१४ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीची तीच कुत्री जन्मल्यापासून मोठी होईपर्यंत तपासली. नवजात असतानाच्या चाचणीवरून पुढचं काहीच सांगता आलं नाही, आणि सहा-सात आठवड्यांच्या चाचणीतलं टिकलं ते मुख्यतः नव्या जागेत हुंगत फिरण्याचं प्रमाण. दुसरीकडे, अमेरिकेत २०२१ मध्ये ३७५ पिल्लांच्या अभ्यासात साडेआठ आठवड्यांच्या वयात माणसानं बोट दाखवलेल्या दिशेला जाणं आणि माणसाच्या तोंडाकडे बघणं यांत पिल्लापिल्लांमध्ये दिसणाऱ्या फरकातला ४० टक्क्यांहून जास्त भाग आनुवंशिक निघाला. म्हणजे पिल्लू कोरी पाटी घेऊन येत नाही, पण सहाव्या आठवड्यातल्या एका वाटीवरून त्याचं आयुष्यही वाचता येत नाही. आपली नोंद पुढच्या चार-सहा आठवड्यांत काय करायचं ते सांगते. माझ्या मते तिचा खरा उपयोग तोच.

त्या फिकट तपकिरी पिल्लाचं असंच झालं. रोज एकच माणूस, एकच जागा. आवाज इतक्या लांबून की तिचं खाणं थांबणार नाही. आणि जवळ यायचं की नाही हे तिनं ठरवायचं. वॉचमनकाकांनीच ते काम अंगावर घेतलं, जेवणाचा डबा उघडण्याच्या वेळी. नवव्या आठवड्यात ती त्यांच्या खुर्चीखाली बसून, गेट उघडण्या-मिटण्याच्या आवाजात भाकरीचा तुकडा खात होती. अनोळखी माणसांना ती अजून दबकतेच. तिला लहान मुलं नसलेल्या, तळमजल्यावरच्या घरात दिलं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. २०१७ च्या श्वानप्रजननाच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. फुकट देतानाही मी तीच मर्यादा पाळते. लसींचं वेळापत्रक घर ठरण्याआधीच सुरू करा: सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यात.

मनाचीही तयारी ठेवा. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या गटानं पश्चिम बंगालमधल्या ९५ वेतांतली ३६४ पिल्लं पाहिली. त्यांतली जेमतेम १९ टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगली, आणि निम्म्याहून जास्त मृत्यूंत माणसाचा हात होता. हा शोधनिबंध २०१६ चा. पार्किंगमध्ये वेत बघायला लागलात की गाडीखाली गेलेलं पिल्लू कधी ना कधी बघावं लागेल. रिव्हर्स घेण्याआधी गाडीखाली बघा, अशी पाटी पहिल्याच दिवशी लावून घ्या.

यातच पुढे काम करायचं असेल तर सरळ वाट पशुवैद्यकाची. पुण्याहून जवळ शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर. दुसरी वाट प्राणिशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन वर्तनाच्या संशोधनाकडे जाते. प्रशिक्षक व्हायचं असेल तर शिकवणाऱ्याची निवड त्याच्या फलकावरून करू नका. त्याच्याबरोबर एखादं वेत बघायला जा आणि तो कोपऱ्यातल्या पिल्लाकडे किती वेळ बघतो ते बघा. कुठल्याही वाटेनं गेलात तरी मुलाखतीत मी आधी वही मागते.

पिल्लू घरी देताना सोबत एक पान द्या. त्यावर "हुशार", "प्रेमळ" असलं काही नको. "वाटीच्या आवाजाला पळाला, अर्ध्या मिनिटात परत आला. टोपी घातलेल्या माणसाला भुंकतो. दुधापेक्षा उकडलेल्या अंड्यावर जास्त खूश. रात्री आईच्या पाठीला टेकून झोपायचा, पहिले काही दिवस त्याला तुमच्या खोलीत झोपू द्या." एवढं पुरे. पानाची एक प्रत तुमच्याकडे ठेवा, सहा महिन्यांनी त्या घरी फोन करा आणि ते काय सांगतात ते त्याच नोंदीखाली तारीख घालून लिहा.