खुडूक कोंबड्या एकाच दिवशी बसवा

दिवाळी सरली, रात्री गार पडू लागल्या, की परसातली कोंबडी अंड्यांवर बसवायचे खरे दिवस सुरू होतात. कार्तिक ते माघ या काळात अंडी उकाड्याने नासत नाहीत आणि निघालेली पिल्लं उन्हाळ्याच्या झळा लागायच्या आत अंगाने भरतात. विक्रीचाही हिशेब बसतो. गावठी नराला दीड किलोच्या आसपास यायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे जानेवारीत निघालेला नर आखाडात विकायला तयार. गटारीच्या आधी गावठी कोंबडा शोधत गिऱ्हाईकच दारात येतं.

आपल्याकडे मात्र जिची कोंबडी जेव्हा खुडूक होईल (अंडी घालणं थांबवून उबवायला बसू लागेल) तेव्हा ती बसवायची, अशीच रीत आहे. यंदा ती मोडा आणि वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवा. कारण लशीत आहे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस शंभर-दोनशे डोसांच्या कुपीत येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कुपी कोणी फोडत नाही, म्हणून परसातली बहुतेक पिल्लं लशीवाचून राहतात आणि मार्च-एप्रिलात मानमोडी आली की खुराडी रिकामी होतात. पाच घरची पन्नास पिल्लं एकाच दिवसाची असली तर कुपी फोडणं परवडतं.

वार गुरुवार धरा. गुरुवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर एकविसावा दिवस तीन आठवड्यांनी गुरुवारीच येतो, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी पिल्लं सात दिवसांची, म्हणजे पहिल्या लशीच्या वयाची होतात. त्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना उघडा असतो. मार्गशीर्ष असेल तर आणखी सोय, कारण बऱ्याच घरांत गुरुवारी अंडं शिजत नाही आणि टोपलीत आपोआप साठतं.

ठरलेल्या दिवसाच्या आधीच कोंबडी खुडूक झाली तर? तिला तीन-चार जुनी, बसवायची नसलेली अंडी देऊन बसू द्या. चांगली खुडूक कोंबडी आठवडाभर अशी थांबते, आणि तिची परीक्षाही होते. रात्रीसुद्धा जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडलीय, ती खरी खुडूक. त्या उघड्या कातडीचीच ऊब अंड्याला लागते. दुपारी बसते आणि संध्याकाळी माळ्यावर जाऊन झोपते, तिच्यावर अंडी घालवू नका. गिरिराज, वनराज या जाती अंडी भरपूर देतात पण सहसा खुडूक होत नाहीत. कडकनाथही बसण्यात कच्चीच. त्यांची अंडी गावठी किंवा असील कोंबडीखाली घाला. असील मादी बसतेही घट्ट आणि पिल्लं सांभाळतेही उत्तम.

आता अंडी. पिल्लं कमी निघाली की दोष कोंबडीला देतात, पण बहुतेक वेळा बिघाड ती बसायच्या आधीच झालेला असतो. आठ-दहा माद्यांमागे एक तरणा नर कळपात हवा. बाजारातली लेअर फार्मची अंडी नराशिवायची असतात, त्यांतून काहीच निघणार नाही. रंगाने तपकिरी असली म्हणजे ती गावरान असतात असंही नाही, हे दुकानदाराला सांगून उपयोग नाही, तुम्हालाच माहीत असू द्या. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नका. फ्रिजमधलं नको. माठाजवळच्या गार कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवलेलं चांगलं. अंडं धुऊ नका, धुतलं की कवचावरचं संरक्षक आवरण जातं आणि जंतू आत शिरतात. माखलेलं अंडं खायला वापरा. फार लहान, फार मोठं, पातळ कवचाचं, तडा गेलेलं बाजूला काढा. लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते म्हणून अंडी निवडणारे अजून आहेत. आकाराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

उन्हाळ्यात बारा-तेरा अंडी चालतात, पण थंडीत आठ ते दहाच ठेवा. पंखाबाहेर राहिलेलं अंडं पहाटे गारठतं, आणि कोंबडी उलटंपालटं करताना रोज वेगळंच अंडं बाहेर येत असल्यामुळे एकेक करून सगळीच बिघडतात.

बसवायला बांबूची टोपली घ्या. लोखंडी घमेलं थंडीत गार पडतं. तळाला चार बोटं माती किंवा वाळू, वर भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड आणि मूठभर वाळलेला कडुलिंबाचा पाला. टोपली विटांवर ठेवा आणि भोवती राखेची रेघ ओढा, कारण अंडं फुटायला लागलं की लाल मुंग्या पिल्लावर तुटून पडतात. जागा अंधारी, वर्दळ नसलेली हवी. घूस, मुंगूस, साप शिरेल अशी फट बुजवा. बसवण्याआधी कोंबडीला राखेत दोन-तीन दिवस मनसोक्त लोळू द्या. उवा-पिसवा झालेली कोंबडी एकवीस दिवस टिकत नाही, मध्येच उठते.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा. दुसरी कोंबडी येऊन त्यातच अंडं घालून जाते आणि मग आज कुठलं, काल कुठलं, काही कळत नाही. बिनखुणेचं दिसलं की उचला.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठते, विष्ठा टाकते, खाते, पाणी पिते. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. स्वतः उठली नाही तर सकाळी हलकेच उचलून बाहेर ठेवा. ज्वारी, बाजरी, मका असं कोरडं धान्य द्या. ओल्या खाण्याने हगवण लागली की अंडी माखतात.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याचं भोक धरून अंडी तपासा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. आरपार स्वच्छ दिसलं तर ते फळलेलंच नाही. नुसतं रक्ताचं कडं असेल तर जीव धरून मेला. ही दोन्ही काढून टाका. एकाच दिवशी बसवल्याचा इथे दुसरा फायदा होतो. दोन कोंबड्यांखाली पाच-पाचच चांगली उरली असतील तर दहाही एकीखाली घाला, दुसरी मोकळी होऊन लवकर अंड्यावर येईल. चौदाव्या दिवशी एकदा पुन्हा बघा आणि अठराव्यानंतर हात लावू नका. कोमट पाण्यात अंडी सोडून हलतात का पाहायची पद्धत सोडून द्या, चोचीने कवच फोडलेलं पिल्लू त्यात बुडून मरतं. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत शेवटचे तीन दिवस टोपलीखालची माती ओलसर ठेवली की पुरे.

टोपलीत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवायची चाल आहे, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. ठेवायचा तर ठेवा, त्याने नुकसान नाही. वळवाच्या दिवसांत अंडी नासतात ती आधीच्या उकाड्याने.

कवचाला भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. कवच सोलून मदत करू नका, आतल्या शिरा तुटून रक्त जातं. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस काढतं, त्यामुळे दाण्याची घाई नाही. पाणी उथळ ताटलीत खडे टाकून ठेवा. खायला नुसत्या कणीवर भागत नाही, पहिले तीन-चार आठवडे चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या. ते कोंबडी संपवून टाकते, म्हणून डालगं विटांवर किंचित उचलून त्याखाली फक्त पिल्लं शिरतील असं खाणं ठेवा. घार-कावळ्यापासून पहिले पंधरा दिवस तरी सगळ्यांना डालग्याखालीच ठेवा.

लशीच्या दिवशी सगळ्या घरची पिल्लं एका अंगणात आणा. कुपी बर्फात ठेवलेली हवी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, मरगळलेलं पिल्लू बाजूला. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस आणि आठव्या आठवड्यानंतर पंखाखाली मानमोडीचीच आर-टू-बी लस. मधले दिवस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. थंडीच्या सुरुवातीलाच कोंबड्या बसवल्या तर हे सगळं उन्हाळ्याची मानमोडी यायच्या आधी उरकतं.

वाडीतली प्रत्येक खुडूक कोंबडी बसवायची गरज नाही. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, त्यातले महिने खुडूकपणात गेले की आणखी कमी. नको असेल तिला घरट्याविना, हवा खेळेल अशा डालग्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवा. नाकात पीस खुपसणं, थंडीत पाण्यात बुचकळणं बंद करा. आणि नर दर वर्षी दुसऱ्या गावाशी अदलाबदल करून घ्या, घरचाच ठेवला तर पिल्लं कमजोर होत जातात. नवा नर आणल्यावर तीन आठवड्यांनी पडलेली अंडीच बसवण्यासाठी राखा, कारण जुन्याचं बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवड्यांपर्यंत टिकतं.